‘सुहैली’: मुंबईत घडलेली नौका आणि इतिहासाने विसरलेले सुतार

१/ २२ एप्रिल १९६९. इंग्लंडच्या फालमथ बंदरात अवघ्या ३२ फुटांची एक शिडाची नौका परतली. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली व्यक्ती म्हणून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. ती नौका मात्र मुंबईची होती. #थ्रेड

२/ नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी होते. मुंबईच्या सुतारांनी पारंपरिक हत्यारांनी, सागवानी लाकडात ‘सुहैली’ घडवली. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली.

३/ आराखडा अमेरिकेच्या विल्यम ॲटकिन यांचा. त्याचे मूळ नॉर्वेत कॉलिन आर्चर यांनी रचलेल्या बचावनौकांमध्ये. दोन्ही टोके निमुळती, म्हणून मागून येणारी लाट दुभंगून जाते. तळाचा कणा लांबलचक, म्हणून नौका दिशा सोडत नाही. डोलकाठ्या दोन, म्हणून शिडे लहान आणि एका माणसाच्या आवाक्यातली.

४/ ही शर्यतीची नौका नव्हतीच. नव्या, मोठ्या नौकेसाठी पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून तिलाच न्यावे लागले. ३१२ दिवस, तीस हजारांहून अधिक सागरी मैल. सरासरी वेग ताशी जेमतेम ७ किलोमीटर. तरीही ९ स्पर्धकांपैकी शर्यत पूर्ण केली ती एकट्या ‘सुहैली’ने. नायजेल टेटली यांची वेगवान तीन-सांगाडी नौका अझोर्स बेटांजवळ बुडाली.

५/ ती निर्दोष नव्हती. सांध्यांतून पाणी झिरपू लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्याखाली उतरून फटीत कापूस ठासला. पुढे आपोआप दिशा राखणारे यंत्रही मोडले. मग शिडांचा तोल साधताच नौका आपली वाट आपणच धरू लागली. आराखड्याची खरी परीक्षा ती हीच.

६/ मी यावलचा. आमच्याकडे समुद्र नाही. सातपुड्याचे सागवान आहे. सागाची फळी वळणदार सांगाड्यावर चपखल बसवणे हे केवळ हातांचे काम नव्हे, तेही ज्ञानच आहे. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये आजही तरंगते आहे. तिच्यामुळे जमशेटजी वाडिया आठवतात. त्यांच्या हाताखालचे कारागीर नाहीत.

७/ धाडस कप्तानाचेच, हे मान्य. ‘सुहैली’ला निव्वळ ‘आपली’ म्हणून मिरवणेही अप्रामाणिक ठरेल. तिच्यात नॉर्वे, अमेरिका, इंग्लंड आणि मुंबई एकत्र आले आहेत. पण या चौघांपैकी तिघांची नावे सांगता येतात आणि चौथ्याच्या वाट्याला ‘स्थानिक सुतार’ एवढेच शब्द येतात. माझा आक्षेप तेथे आहे.

८/ २०१७ मध्ये अभिलाष टॉमी यांच्यासाठी त्याच आराखड्यावर गोव्यात ‘थुरिया’ बांधली गेली. म्हणजे ते कसब अद्याप जिवंत आहे. आपल्या घरात कोणी गोदीत, नौकाबांधणीत काम केले असेल, तर त्यांच्याशी बोला, त्यांची नावे आणि हत्यारांचे शब्द लिहून ठेवा. दप्तरात जे नाही, ते आठवणीतूनही गेले तर इतिहासकाराच्या हाती उरते काय?