उड्डाणाआधीची तपासणी

जालन्याच्या पोलाद कारखान्यातील सळई बाजारात जाण्यापूर्वी तिचा नमुना प्रयोगशाळेत ताणून आणि वाकवून पाहिला जातो. त्यात कारागिराचा अपमान आहे, असे कोणी मानत नाही. मात्र एखाद्या तरुणाने गावातल्या वर्कशॉपमध्ये हेलिकॉप्टर बनवले, की आपण त्याच्या जिद्दीचे कौतुक करतो. ते कोणी तपासले, हे विचारत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे याची किंमत एका २४ वर्षांच्या तरुणाने मोजली. पत्र्याचे काम करणाऱ्या या हुशार कारागिराने स्वतः हेलिकॉप्टर उभारले होते. जमिनीवरच चाचणी सुरू असताना मागच्या पंख्याचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळले आणि डोक्याला झालेल्या जखमेने त्याचा जीव गेला. यंत्र हवेत गेलेही नव्हते.

फिरत्या पात्यावरील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट झाले की ताण चौपट होतो. कमी वेगात ठणठणीत वाटणारा जोड पूर्ण वेगात तुटू शकतो. शिवाय सततच्या कंपनाने धातू थकतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. म्हणून अशा यंत्राची तपासणी शेवटी एकदा करून भागत नाही. पंखावर पत्रा चढला की आतले रिव्हेट आणि जोड दिसेनासे होतात. ते झाकण्याआधीच पाहावे लागतात. त्यानंतर विमानाचे वजन करून गुरुत्वमध्य काढणे, दांडी हलवल्यावर नियंत्रणाचे भाग योग्य दिशेला वळतात का हे पाहणे, इंजिन जमिनीवर चालवणे, धावपट्टीवर धाववणे, आणि मग पहिले उड्डाण, असा क्रम असतो.

हा रस्ता आपल्याकडे किती लांब आहे, हे कॅप्टन अमोल यादव यांच्या अनुभवावरून कळते. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी व्हायला २०१७ उजाडले, उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी उड्डाण झाले. यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक. त्यांना एवढा पाठपुरावा करावा लागला, तर खेड्यातल्या वेल्डरने कोणाचे दार ठोठवायचे?

अमेरिकेत हौशी विमानबांधणीसाठी ‘प्रायोगिक’ असा स्वतंत्र वर्ग आहे. तपासणीनंतर परवाना मिळतो. पण सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच, प्रवासी न घेता उडावे लागते. ब्रिटनमध्ये हलक्या विमानांच्या संघटनेचे अनुभवी निरीक्षक बांधणीच्या टप्प्याटप्प्याला येऊन काम पाहतात. चूक दुरुस्त करता येण्याजोगी असतानाच ती सापडते.

आपल्याकडे नियम सैल करण्याची गरज नाही. नियमापर्यंत पोहोचण्याची वाट जवळ आणण्याची आहे. महासंचालनालयाने हौशी बांधणीकारांसाठी मराठीसह प्रादेशिक भाषांत सोपी मार्गदर्शिका काढावी, अर्जाच्या प्रत्येक टप्प्याला मुदत ठरवावी आणि निवृत्त विमान अभियंत्यांना निरीक्षक म्हणून मान्यता द्यावी. मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांनी धातूचाचणीची यंत्रे अशा कारागिरांसाठी खुली करावीत. गावानेही टाळ्या वाजवण्याआधी तपासणीचा कागद मागावा. ‘नाही, अजून नको’ असे वेळेवर सांगणारा निरीक्षक फुलसावंगीत असता, तर तो तरुण कदाचित आज पुढचे यंत्र बांधत असता.