"टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्यांचं मी ऐकणं का सोडलं

मागच्या व्हिडिओत आपण मुद्रा कर्जाच्या हप्त्याचं गणित केलं. त्याखाली एका ताईंनी विचारलं, "मॅडम, गणित समजलं, पण रात्री झोप येत नाही त्याचं काय?" व्हिडिओत याचं उत्तर दोन वाक्यांत देऊन मी पुढे गेले, ते मलाच बरं वाटलं नाही. म्हणून आज हे लिहितेय.

बार्शीटाकळीत माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, ब्लाऊजपीस. आपल्याकडे बाजार शेतावर चालतो, हे तुम्हाला माहीतच आहे. २०२४ च्या दिवाळीला सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्याही खाली. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, मग बाई ब्लाऊज कशाला शिवेल? आणि मी मात्र सीझन म्हणून अकोल्याहून दुप्पट माल भरून ठेवलेला.

तेव्हापासून रोज पहाटे साडेतीनला डोळा उघडायचा. विचारांची रांग ठरलेली. माल पडून राहील, हप्ता चुकेल, बँकेचा माणूस दुकानात येईल, समोरचा दुकानदार बघेल, गावभर होईल, मुलाची फी राहील. पाच मिनिटांत मी पार रस्त्यावर आलेली असायची! आणि उठून काय करायची? काहीच नाही. वहीसुद्धा उघडायची नाही, कारण उधारीचा आकडा बघायची भीती वाटायची. होलसेलवाल्याचा फोन आला की मोबाइल उलटा ठेवायचा. बीबीए केलेली बाई, दुसऱ्यांना हिशोब शिकवणारी, आणि स्वतःची वही बंद.

त्या काळात मोटिव्हेशनचे पुष्कळ व्हिडिओ पाहिले. "पॉझिटिव्ह राहा, मोठा विचार करा." माझं स्पष्ट मत आहे, लहान दुकानदाराचं याने नुकसानच होतं. आधी काळजी असते, वरून "आपण पॉझिटिव्ह नाही" ही दुसरी काळजी लागते. त्यापेक्षा माझे सासरे बरे. एक दिवस गल्ल्याजवळ येऊन बसले आन् म्हणाले, "कायजी करतं ते कर, पण किती रुपयाची करतं ते तं सांग मले!"

मला आकडा सांगता आला नाही. त्या दुपारी वही उघडली. डोक्यात उधारी लाख-दीड लाख होती. वहीत निघाली ६१,४०० रुपये. त्यातले ३८,००० फक्त चार शिवणकामवाल्या बायांकडे, आणि त्या लग्नसराईत देणाऱ्या. होलसेलवाल्याला मीच फोन केला, थोडा माल परत घेशील का विचारलं. तो थोडा कुरकुरला, पण अस्तराचे गठ्ठे घेतले. म्हणजे माझी अर्धी काळजी ही न केलेला हिशोब होता.

पण अर्धीच. उरलेली वहीत मावत नव्हती. पाऊस येईल का, भाव मिळेल का, यावर माझा काय ताबा? तिच्यासाठी एक पद्धत उपयोगी पडली. थॉमस बोर्कोवेक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसोबत १९८३ साली ती मांडली. काळजीला रोज अर्धा तास द्यायचा, वेळ आणि जागा एकच. बाकी दिवसभर विचार आला की तो टिपून ठेवायचा आणि म्हणायचं, तुझा नंबर नंतर. माझी वेळ दुपारी अडीचची, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, मागच्या स्टुलावर. रात्री झोपताना ही वेळ ठेवू नका आणि गादीवर बसून तर मुळीच नको. पहिले आठ दिवस मला हसू यायचं. मग लक्षात आलं, पहाटेची वाघाएवढी काळजी दुपारी अडीचला मांजर होते. काही काळज्या तर वाचून "हे मी का लिहिलं?" असं वाटायचं.

२०२० मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्याच एका अभ्यासात २९ चिंताग्रस्त लोकांकडून त्यांच्या काळज्या लिहून घेतल्या आणि नंतर तपासल्या. ९१ टक्के खऱ्या झाल्याच नाहीत. आकडा छान आहे, पण मी तो जरा जपून सांगते. तिथल्या लोकांचं पोट कपाशीवर नाही. आपल्याकडे काही काळज्या खऱ्या होतात, मीही तेव्हा एक हप्ता उशिराच भरला. पण बँकेचा माणूस दुकानात आला नाही. फोन आला, मी तारीख सांगितली, त्या तारखेला भरला.

आता जरा गंभीर. सगळ्याच काळज्या वहीने जात नाहीत. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, दुकान उघडायलाच नको वाटतं, किंवा जगूच नये असं मनात येतं, तर तिथे माझा व्हिडिओ कामाचा नाही. तिथे डॉक्टर लागतो. आपल्या वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत लोकांना धीर आणि उपचार दिले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने ते सत्तावीस झाले. म्हणजे आपले लोक जातात, जवळ कुणी विचारणारं असलं की जातात. "वेडाच्या डॉक्टरकडं कशाले जाऊ" हे मग कमी होतं.

१४४१६ हा टेलि-मानसचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागही आहे. लाजू नका, जीएसटीसाठी सीएकडे जाताना लाजतो का आपण?

आणि त्या ताईंना, ज्यांनी प्रश्न विचारला होता: आज रात्री झोपायचा प्रयत्न नका करू जबरदस्तीने. उद्या दुपारी वही उघडा, उधारीची बेरीज मारा, आकडा मला कमेंटमध्ये सांगू नका, घरात एका माणसाला सांगा. माझ्या आजच्या अडीचच्या पानावर तीन ओळी आहेत. पहिली, राखीच्या आधी लेसचा माल येईल की नाही. तिच्यासाठी आत्ता फोन लावतेय.