रुमाल टाकून धरलेली जागा

परवा मामीचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं ते झालं, आणि मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "अरे, पण तू ऑफिसात नक्की करतोस तरी काय?" इतकी वर्षं "कॉम्प्युटरचं काम" असं सांगून मी वेळ मारून नेतोय. या वेळी म्हटलं, मामी, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशा लोकांचा बंदोबस्त करतो. "मग पोलिसातच जायचं होतंस की!" मामी म्हणाली आणि फोन आईकडे गेला.

पण नंतर वाटलं, एवढं नेमकं उत्तर मी आजवर कोणालाच दिलं नव्हतं. म्हणून आज जरा सविस्तर. नातेवाईक मंडळींनी मधला तांत्रिक भाग वाटल्यास ओलांडून जावा. आमच्या व्यवसायातल्या ब्लॉगर मित्रांनी मात्र तोच वाचावा, कारण भांडण त्यांच्याशीच आहे :)

तर क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेल्या बऱ्याच मशीन्स. एका मशीनला न पेलणारं काम तुकडे करून सगळ्यांना वाटायचं. २००४ साली गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूसवरचा लेख प्रसिद्ध केला, त्यावरून पुढे हडूप आलं (हे नाव डग कटिंगच्या मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचं), आणि मग स्पार्क. जुन्या हडूपमध्ये प्रत्येक मशीनवर कामाच्या जागा ठरलेल्या असत, मॅपच्या वेगळ्या आणि रिड्यूसच्या वेगळ्या. रिड्यूसच्या जागा रिकाम्या असल्या तरी मॅपवाल्यानं तिथं बसायचं नाही. बायकांच्या राखीव सीटसारखं. २०१३ मध्ये यार्न आलं आणि ही वाटणी गेली. आता ज्यानं त्यानं यायचं आणि सांगायचं, मला इतकी मेमरी नि इतके कोअर द्या. यार्न तेवढा तुकडा काढून देतं.

इथेच सगळी गोम आहे. यार्न हिशोब ठेवतं तो तुम्ही *मागितलेल्या* मेमरीचा. वीस जीबी मागितलीत आणि चारच वापरलीत तरी उरलेल्या सोळा जीबीवर तुमचा रुमाल! दुसऱ्या कोणाला ती मिळणार नाही. उलट मागितल्यापेक्षा जास्त वापरलीत, तर तुमचा तुकडा तिथल्या तिथे मारला जातो, अर्धवट झालेल्या कामासकट. म्हणजे कमी मागणाऱ्याला फाशी आणि जास्त मागणाऱ्याला काहीच नाही. मग माणूस काय करणार? जास्तच मागणार. स्पार्कचा तुकडा मारला गेला की लॉगमध्ये जो संदेश यायचा, त्यातही सल्ला हाच असे की मेमरीची सेटिंग वाढवून बघा. यंत्रच म्हणतंय म्हटल्यावर कोण थांबतंय?

मीही थांबलो नाही. गोष्ट २०१७ ची. आमच्याकडे वीस मशीन्सचा एक क्लस्टर होता, प्रत्येकी ६४ जीबीचा, त्यातली ५६ जीबी यार्नच्या हवाली. तीन-चार टीम त्यावर काम करायच्या आणि रांग सगळ्यांची एकच. आमच्या टीमचं रात्रीचं काम होतं प्रत्येक गिऱ्हाईकाच्या वर्षभराच्या खरेदीची यादी तयार करण्याचं. ते मधेच मरायचं. मी ८ जीबी दिली, मेलं. १२ दिली, मेलं. शेवटी एका रात्री वैतागून २० केली आणि ते पार पडलं. हुश्श! फाइलमध्ये त्या ओळीशेजारी मी शेरा लिहिला, "हात लावू नये", आणि झोपायला गेलो.

आता थोडं गणित. स्पार्कला २० जीबी सांगितली की तो वरखर्चासाठी आणखी दहा टक्के मागतो, म्हणजे झाले २२. छप्पन्नमध्ये बावीसचे दोनच तुकडे बसतात आणि १२ जीबी उरते. वीस मशीन्सवर मिळून आमचे चाळीस तुकडे. म्हणजे क्लस्टरच्या पडद्यावर जवळपास २४० जीबी मोकळी दिसते आहे, पण कुठल्याही एका मशीनवर बारापेक्षा जास्त नाही.

शेजारच्या टीममध्ये एक मुलगी होती. कॉलेजमधून येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिचं काम आमच्या मागोमाग सुरू व्हायचं आणि सकाळी सहाच्या आत संपणं भाग होतं, कारण त्यावरून दुकानांत माल पाठवायचा. ते कधीकधी एखादा तुकडा मरून रखडायचं. तिनं मला विचारलं, "सर, काय करू?" मी चहाचा कप हातात धरून, स्क्रीनकडे न बघता म्हणालो, "अगं, मेमरी वाढवून बघ."

तिची होती दहा जीबी. तिनं बारा केली.

दहाला वरखर्च धरून अकरा जीबीचा तुकडा लागतो, आणि तो आमच्या उरलेल्या बारामध्ये बसत होता. बाराला १३.२ लागतात, आणि आमच्याकडे यार्न पूर्ण जीबीत वर ओढून तुकडा देत असल्यामुळे त्याचे चौदा होतात. चौदाचा तुकडा कुठेच बसत नाही. माझा सल्ला ऐकल्यापासून तिचं काम मधेमधे रखडायचं ते आमचं काम संपेपर्यंत सुरूच होईना. पहाटे साडेचारला आमचं संपणार, मग तिचं सुरू होणार आणि सहाची वेळ चुकणार. रोज. मीटिंगमध्ये सगळे तिला म्हणाले, क्लस्टरवर २४० जीबी मोकळी दिसतेय, म्हणजे तुझ्याच कोडमध्ये काहीतरी गडबड आहे. मी त्या मीटिंगमध्ये होतो. मीही मान हलवली. कळत नव्हतं म्हणून हलवली हे खरं, पण हलवली.

तीन-चार महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. याच कारणानं सोडली असं मी म्हणणार नाही, मला कोणी सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लस्टरवर काम हलवताना मी तो "हात लावू नये"वाला शेरा पाहिला. कोण हा शहाणा म्हणून शोधलं, तर मीच! मग पहिल्यांदा नीट बसून पाहिलं की या कामाला मुळात वीस जीबी का लागते. दोनशे तुकड्यांपैकी १९९ एक-दोन मिनिटांत संपत होते. एकच तुकडा पाऊण तास चालायचा. कारण काय, तर काउंटरवर रोखीनं माल नेणाऱ्यांकडे गिऱ्हाईक क्रमांक नसतो, आणि तिथे कोणीतरी शून्य भरलं होतं. म्हणजे आमच्या लेखी शून्य नावाचं एक महाप्रचंड गिऱ्हाईक होतं. त्याची वर्षभराची यादी करायला वीस जीबी!

माझी आई शाळेत होती, दहावीचे पेपर तपासायची. समजा दोनशे शिक्षकांना गठ्ठे वाटले आणि एकीच्या वाट्याला दोनशे गठ्ठे आले. तिला मोठं टेबल दिलंत तर गठ्ठे खाली पडणार नाहीत, इतकंच. तपासायचे ते तिलाच. आणि टेबलं सगळ्यांची सारख्याच मापाची द्यायची असा नियम असला, तर बाकीच्या १९९ जणींचीही टेबलं तेवढीच मोठी करावी लागणार, आणि मग शेजारच्या वर्गाला जागा उरणार नाही. मी नेमकं हेच केलं होतं.

शून्याच्या नोंदी बाजूला काढल्या (त्या यादीचा कोणाला उपयोगही नव्हता!). प्रत्येक तुकडा सहा जीबीवर आणला, वरखर्चासकट सात. छप्पन्नमध्ये बरोबर आठ बसतात. पूर्वी अडीच तास लागायचे, ते काम पन्नास मिनिटांत झालं.

आता यावर आमच्यातले पुष्कळजण म्हणतील, की मेमरी स्वस्त आहे, माणसाचा वेळ महाग आहे, वाढवून टाक आणि पुढचं काम बघ. मेमरी स्वस्त असेलही, पण सामायिक क्लस्टरवर ती तुमच्या खिशातून जात नाही, शेजाऱ्याच्या ताटातून जाते, आणि त्याला ते दिसतही नाही. गरज न मोजता मागून ठेवणं याला मी तरी शेजारधर्म मोडणं म्हणतो. दुसरे म्हणतात, आता स्पार्कच हुशार झालाय. खरंय, २०२१ च्या ३.२ आवृत्तीपासून तो जोडणीतले असे फुगलेले तुकडे आपणहून फोडतो, बारीक तुकडे एकत्र करतो, आणि तेही सांगावं न लागता. पण तुम्ही वीस मागितलीत तर तो सहावर आणत नाही. आणि आमच्यासारखी एकाच गिऱ्हाईकाची यादी असेल, तर ती फोडणार तरी कशी? क्लाउडवर ज्याचा त्याचा वेगळा क्लस्टर असला की शेजारी नसतो हे मान्य. तिथे भुर्दंड बिलात दिसतो, आणि तो दिसतो हेच बरं आहे.

जास्त मागूच नये असं माझं म्हणणं नाही. छोटा तक्ता सगळ्या तुकड्यांना वाटून द्यायचा असेल, किंवा पायथॉनची कामं जावाच्या हद्दीबाहेर मेमरी खात असतील, तर मागावी लागते. रात्री दोन वाजता, सकाळी उत्तर द्यायचं असताना, मीसुद्धा वाढवतो. पण दुसऱ्या दिवशी ते कमी करून बघायचं असतं, ते कोणी बघत नाही. निदान त्या आकड्याशेजारी कोणी, कधी आणि कशासाठी वाढवला एवढं तरी लिहावं. आमच्या टीममध्ये आता तसं लिहिल्याशिवाय मी बदल मंजूर करत नाही. पोरं मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. असो.

त्या मुलीला मी २०१८ मध्येच मेल लिहिली. सगळं गणित मांडलं, बावीस, बारा, चौदा, आणि मीटिंगमध्ये मान हलवल्याचंही. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, येणारही नाही. तिसऱ्या दिवशी आलं, दोनच ओळींचं. पहिल्या ओळीत थँक्यू सर. दुसरीत विचारलं होतं, "म्हणजे मी दहावरच ठेवली असती तर चाललं असतं ना?"

हो, असं उत्तर पाठवलं.