अंगठीची साक्ष

हिऱ्याच्या अंगठीवाचून लग्नाची मागणी अपुरी, ही 'परंपरा' बव्हंशी जाहिरातीने घडवलेली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. डी बीअर्स या हिरे-कंपनीसाठी फ्रान्सिस गेरेटी या अमेरिकन जाहिरात-लेखिकेने १९४७ साली हिऱ्याला चिरंतन ठरवणारे चार इंग्रजी शब्द लिहिले. १९८० च्या दशकातील जाहिरातींनी पुढे जाऊन दोन महिन्यांचा पगार हे अंगठीचे, म्हणजेच प्रेमाचे, माप ठरवून दिले.

'शाकुंतला'तील अंगठीवर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. ती हरवते आणि दुष्यंताच्या दरबारात शकुंतलेचा शब्द खोटा ठरतो. वस्तू साक्षीला नसेल तर माणसाच्या शब्दाला मोल नाही, हे कालिदासाने दुःख म्हणून दाखवले. जाहिरातीने त्याचेच विक्रीतत्त्व केले. तिथे शाप दुर्वासाचा होता. इथे तो आपण हप्त्यांनी विकत घेतो.

आमचा विरोध अंगठीला नाही. साखरपुड्यात सोन्याचे साधे वळेही शोभते. परंतु ते चार शब्द हीदेखील एक संहिताच आहे. साहित्य शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी सराफाची पायरी चढण्यापूर्वी ती तितक्याच कठोरपणे वाचावी.