छत्तीस कवींची वांटणी

एकत्र कुटुंबाची वांटणी ज्यांनीं एकदां तरी जवळून पाहिली आहे, त्यांस हें सांगावयास नको कीं, खरी अडचण शेताभाताची नसते. जमीन मोजून वांटतां येते, सोनें तोलून वांटतां येतें, भांड्यांचे सारखे ढीग घालतां येतात. पण आजोबांच्या हातची पोथी चौघां भावांमध्यें कशी वांटावी? बहुधा ती वडील भावाकडे राहते, आणि बाकीचे मुकाट्यानें उठतात. जपानांत १९१९ सालीं असाच प्रश्न उभा राहिला असतां तेथील श्रीमंतांनीं त्याचें निराळें उत्तर दिलें. त्यांनीं पोथी कापली. त्या कापलेल्या पोथीचे तुकडे शंभर वर्षांनीं, २०१९ च्या शरद् ऋतूंत, क्योतो येथील राष्ट्रीय संग्रहालयांत पुनः एकत्र मांडण्यांत आले. त्या प्रदर्शनाची हकीकत या महिन्याच्या गप्पांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम ही वस्तु काय, तें सांगितलें पाहिजे. जपानी लोक जिला 'एमाकी' म्हणतात, ती कागदाची लांब चित्रगुंडाळी. आपल्याकडील जुनी जन्मपत्रिका ज्यांनीं उलगडून पाहिली असेल, त्यांस तिची कल्पना येईल. भेद इतकाच कीं, जन्मपत्रिका वरून खालीं उलगडते आणि एमाकी उजवीकडून डावीकडे. वाचक ती पुढ्यांत ठेवून डाव्या हातानें हातभर उलगडतो, पाहतो, वाचतो, आणि पाहून झालेला भाग उजव्या हातानें गुंडाळीत पुढें सरकतो. पुढें काय येणार हें ठाऊक नसतें, मागचें दृष्टीआड झालेलें असतें. गोष्ट ऐकतांना मनाची जी स्थिति होते, तीच येथें डोळ्यांची होते. बाराव्या शतकांत ही कला जपानच्या दरबारीं पूर्णत्वास पोंचली होती. 'गेंजी'च्या कथेवरील त्या काळच्या गुंडाळ्यांचे अवशेष नागोया व तोक्यो येथें आजही जिवापाड जपले जातात.

आमच्या कथेंतील गुंडाळी तेराव्या शतकांतली. अकिता येथील सातके या सरदार घराण्याकडे ती होती, म्हणून तिला 'सातके प्रत' असें नांव पडलें. फुजिवारा नो किंतो नांवाच्या एका विद्वान् दरबाऱ्यानें अकराव्या शतकाच्या सुमारास छत्तीस श्रेष्ठ कवींची निवड केली होती. ते कवि येथें दोन गुंडाळ्यांत, प्रत्येकींत अठरा याप्रमाणें, चितारले आहेत. प्रत्येकाचें नांव, त्रोटक चरित्र, एक कविता, आणि मग त्याचें चित्र. पार्श्वभूमि बहुधा कोरी. बसण्याची ढब व मान झुकविण्याची तऱ्हा यांवरूनच कवि कांहीं मनांत घोळवीत आहे, हें ओळखावें. छत्तिसांत पांच स्त्रिया आहेत. जिच्या लावण्याची सर्व जपानांत ख्याति, त्या ओनो नो कोमाचीला चित्रकारानें पाठमोरी बसविली आहे. लांबसडक केशपाश तेवढा दिसतो, मुख दिसत नाहीं. पाहणारानें आपापली कोमाची आपणच कल्पावी, असाच त्याचा हेतु असला पाहिजे.

१९१७ सालीं सातके घराण्यानें ही ठेव विकावयास काढली. एकट्यास झेपेना, म्हणून कित्येक व्यापाऱ्यांनीं मिळून ती ३,५३,००० येनांस घेतली, आणि पुढें ती यामामोतो तादासाबुरो या गृहस्थांकडे गेली. महायुद्धाच्या काळांत जहाजांच्या धंद्यावर ते गबर झाले होते. युद्ध संपलें, धंदा बसला, आणि दोन वर्षांतच गुंडाळी पुनः बाजारांत आली. आतां संपूर्ण वस्तु घेणारा कोणी मिळेना. तेव्हां मित्सुई पेढीच्या व्यापाराची घडी बसविणारे, चहाच्या समारंभाचे नामांकित शोकीन मासुदा ताकाशी यांनीं तोड सुचविली: कापा, आणि वांटून घ्या.

२० डिसेंबर १९१९ रोजीं तोक्योंतील मासुदांच्या वाड्यांत मंडळी जमली. कवींचे छत्तीस, आणि दुसऱ्या गुंडाळीच्या आरंभीं असलेल्या सुमियोशी देवस्थानाच्या चित्राचा एक, मिळून सदतीस भाग झाले. प्रत्येकाची किंमत आधींच ठरली होती. कोणता कोणास, तें चिठ्ठ्या टाकून ठरावयाचें होतें. सर्वांचा डोळा राजकुळांतील कवयित्री साइगू नो न्योगो हिच्यावर. पडदे व चित्रित आडोसा यांच्या थाटांत बसलेली ती एकटीच. किंमतही सर्वांत अधिक, ४०,००० येन. मासुदांच्या वांट्यास मात्र आला एक भिक्षु! यजमानांची मुद्रा अशी कांहीं उतरली कीं, ज्यास ती राजस्त्री मिळाली होती त्यानें ती त्यांस देऊन टाकली, असें सांगतात. वांटणीच्या बैठकी सर्व देशांत सारख्याच, असें वाचकांस वाटल्यास नवल नाहीं.

या कृत्यास काय म्हणावें? निषेध करणें सोपें आहे. १८९७ च्या कायद्यानें देवस्थानें व मठ यांतील वस्तूंस संरक्षण मिळालें होतें. खाजगी घरांतील ठेव्यांस तें १९२९ पर्यंत मिळालें नाहीं, त्यामुळें सरकार आड आलें नाहीं. परंतु मासुदांच्या बाजूनेंही बोलतां येतें. किबी मंत्र्याच्या चीनप्रवासाची बाराव्या शतकांतील चित्रगुंडाळी १९३२ सालीं अमेरिकेंतील बोस्टनच्या संग्रहालयानें विकत घेतली. तिचे कवींसारखे वांटे झाले नाहींत, पण ती देशांतून गेली. सातके प्रतीचीही तीच गति झाली नसती, असें खात्रीनें कोण म्हणेल?

प्रदर्शन १२ ऑक्टोबर ते २४ नोव्हेंबर २०१९ पर्यंत चाललें. सदतिसांपैकीं एकतीस भाग त्या अवधींत लोकांस दाखविण्यांत आले; कापल्यापासून इतके एका छपराखालीं कधींच आले नव्हते. मधल्या काळांत एक महायुद्ध होऊन गेलें, घराणीं बुडालीं, तुकडे हातोहात फिरले. प्रत्येक धन्यानें आपल्या कवीस आपल्या आवडीचा रेशमी काठ लावून, भिंतीवर टांगावयाचें चित्र करून, चहाच्या दालनांत मोठ्या मानानें बसविलें होतें. त्या काठांवरून त्या त्या घराची रुचि दिसते, आणि मायाही दिसते. तरी एका कवीनंतर दुसरा उलगडत येण्याचा जो आनंद या गुंडाळीचा प्राण होता, तो एकतीस चौकटी शेजारीं शेजारीं टांगून परत आणतां येत नाहीं. वांटेकऱ्यांनीं आपापला कवि जपला. कवींची सभा मात्र मोडली ती मोडलीच.

आमच्या वाचकांच्या घरींही पोथ्या आहेत, देव्हारे आहेत, वडिलांच्या हातचीं टिपणें आहेत. यांपैकीं कशाचे वांटे करावयाचे नाहींत, हें वांटणीच्या दिवशीं ठरवूं गेल्यास निकाल लोभ देतो अथवा चिठ्ठी देते. तें सर्वजण एका पंक्तीस जेवीत आहेत तोंवरच, हंसत खेळत, ठरवून ठेवावें.