आखाड्यातील कामगार

अमेरिकेतील धंदेवाईक कुस्तीला आपल्याकडील जाणकार 'नुरा कुस्ती' म्हणून नाक मुरडतात. निकाल आधी ठरलेला, वैर बेगडी, आरडाओरडा तिकिटे खपवण्यासाठी. हे सारे खरेच आहे. परंतु निकाल खोटा असला म्हणून रिंगणाच्या फळ्यांवर आदळणारी पाठ खोटी ठरत नाही. रोज रात्री नव्या गावी जाऊन अंग झोकून देणारा हा माणूस नोकर कोणाचा आणि तो जायबंदी झाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न १९८६ साली जेसी व्हेंचुरा या मल्लाने आपल्या सोबत्यांपुढे मांडला. त्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे कामगार चळवळीत काम करणाऱ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

व्हेंचुरा यांचे खरे नाव जेम्स जॅनोस. जन्म १९५१ चा, मिनियापोलिसच्या कष्टकरी घरातला. शाळा संपताच नौदलात भरती, आणि तेथून १९७५ च्या सुमारास कुस्तीच्या फडात. सोनेरी केस, भडक पोशाख आणि उद्दाम जीभ यांच्या बळावर त्यांनी खलनायकाची भूमिका वठवली व नाव कमावले. १९८४ मध्ये, विजेतेपदाच्या लढती समोर असताना, फुफ्फुसांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि मल्ल म्हणून त्यांची कारकीर्द जवळजवळ तेथेच संपली. वक्तृत्व होते म्हणून ते समालोचक होऊन तगले. ज्याला असे दुसरे कसब नाही त्याचे काय, हा विचार त्यांच्या मनात याच काळात बळावला असल्यास नवल नाही.

वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीने, म्हणजे मालक व्हिन्स मॅकमहन यांनी, मल्लांना कधीच नोकर मानले नाही. कागदोपत्री ते 'स्वतंत्र कंत्राटदार'. प्रतिस्पर्धी कंपनी ठरवणार, हार-जीत कंपनी ठरवणार, रिंगणातले नावही पुष्कळदा कंपनीच्या मालकीचे. दुसरीकडे खेळण्याची मुभा नाही. मात्र आजारपणाचा विमा, निवृत्तिवेतन, मुक्कामाचा व जेवणाचा खर्च या बाबी आल्या की मल्ल एकाएकी स्वतंत्र! १९८९ मध्ये याच कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे हा खेळ नसून करमणूक असल्याची कबुली दिली, ती क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून सुटण्यासाठी. सरकारला सांगायचे हा खेळ नव्हे, मल्लांना सांगायचे ही नोकरी नव्हे.

व्हेंचुरा यांनी वेळोवेळी सांगितलेली हकीकत अशी : १९८६ च्या 'रेसलमेनिया'पूर्वी, सारे मल्ल एकत्र असताना, त्यांनी संघटना बांधण्याचे आवाहन केले. कार्यक्रमाचा एवढा गाजावाजा झाला आहे की आज आपण अडलो तर मालकाला नमावेच लागेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चूक नव्हता. पण बातमी लगोलग मॅकमहन यांच्या कानी गेली व प्रयत्न जागीच विरला. पुढे व्हेंचुरा यांनी चित्रफितींच्या मानधनासाठी कंपनीला न्यायालयात खेचले, तेव्हा शपथेवरील जबानीत उलगडा झाला की ती बातमी मालकापर्यंत हल्क होगन यांनी पोहोचवली होती. होगन त्या काळचे सर्वांत मोठे आणि सर्वाधिक कमाई करणारे मल्ल.

येथे एका व्यक्तीला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. गिरणीत मालक संपकऱ्याला कामावरून काढतो आणि ते सर्वांना दिसते. कुस्तीच्या या धंद्यात काढून टाकण्याचीही गरज नसते. कुरकुर करणाऱ्याला चार महिने हरवत ठेवले की प्रेक्षकच त्याला विसरतात. ज्या धंद्यात जय हीच मालकाने वाटायची मजुरी असते, तेथे प्रत्येक सोबती प्रतिस्पर्धी होतो, आणि विजेत्याला संघटनेत गमावण्यासारखेच अधिक दिसते.

खटल्यात ज्यूरीने १९९४ मध्ये व्हेंचुरा यांना आठ लाखांहून अधिक डॉलर देवविले आणि १९९५ मध्ये वरच्या न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. हा विजय एकट्याचा होता. 'प्रीडेटर'सारख्या चित्रपटांमुळे चित्रपट कलावंतांच्या संघटनेचे छत्र त्यांना मिळाले; रिंगणातले सोबती उघड्यावरच राहिले.

पुढे १९९८ मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक उमेदवारांना मागे टाकून हा माजी मल्ल ३७ टक्के मतांवर मिनेसोटाचा गव्हर्नर झाला. दोन्ही बड्या पक्षांना मिळालेली ती चपराक होतीच. परंतु ऑक्टोबर २००१ मध्ये राज्याचे सुमारे २८ हजार कर्मचारी वेतन व आरोग्यविम्याच्या प्रश्नावर दोन आठवडे संपावर गेले, तेव्हा टेबलाच्या मालकाच्या बाजूला व्हेंचुराच होते. त्याच वर्षी त्यांनी मॅकमहन यांच्याच नव्या फुटबॉल स्पर्धेचे समालोचनही केले. ज्याने आरोग्यविम्यासाठी एकेकाळी सोबत्यांना हाक घातली, त्याला हा संप परका वाटावा, याचे उत्तर स्वभावात शोधण्यापेक्षा संघटनेच्या अभावात शोधावे. त्याचे बंड कोणत्याही संघटनेत रुजले नव्हते, म्हणून त्याच्यावर कोणाचा अंकुशही नव्हता.

२०२३ च्या विलीनीकरणात त्या कंपनीचे मोल ९.३ अब्ज डॉलर धरले गेले. मेंदूच्या इजांबद्दल पन्नासहून अधिक माजी मल्लांनी २०१६ मध्ये भरलेला दावा त्याआधी, २०१८ मध्येच, फेटाळला गेला होता. मल्लांची संघटना अद्याप उभी राहिलेली नाही. त्यांना 'कंत्राटदार' ठरवणारा युक्तिवाद मात्र महाराष्ट्राला नवा नाही. गोदीत आणि बाजारात ओझी वाहणारा हमाल कोणा एकाचा नोकर नाही, असे येथेही वर्षानुवर्षे सांगितले जाई. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याची नोंदणी करून, मंडळे नेमून, मजुरीबरोबर भविष्यनिर्वाह निधीचा हक्क त्याला दिला. हमालाला मालक अनेक होते. अमेरिकेतील या मल्लाला तर मालक एकच आहे, आणि त्याचे नाव प्रत्येक तिकिटावर छापलेले असते.