घर आपले, जागा कोणाची?

आमचे घर बेळगावच्या जुन्या वस्तीत आहे. "घर स्वतःचे का?" असे कोणी विचारले की आम्ही होकार देतो, कन्नड मित्राने विचारले तर 'हौदु, स्वंत मने' म्हणतो. गेल्या दिवाळीपासून मात्र हे उत्तर देताना मी अडखळतो.

दादाच्या लग्नाआधी माडी चढवावी म्हणून बाबा कर्जासाठी बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी जुने कागद चाळून विचारले, "पट्ट्याची मुदत किती उरली?" पणजोबांनी ही जागा १९३१ साली एका संस्थेकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि घर स्वखर्चाने बांधले. मुदत २०३० साली संपते. कर्ज मिळाले नाही.

त्यानंतर मी ग्रंथालयातून १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढला. त्यातले १०८ वे कलम तीनदा वाचले. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर भाडे भरणाऱ्या व अटी पाळणाऱ्या पट्टेदाराच्या वहिवाटीत मालकाने अडथळा आणायचा नाही. पट्टेदाराला आपला हक्क विकता येतो, गहाणही टाकता येतो. परंतु मालकाच्या संमतीवाचून त्याने कायमचे बांधकाम करू नये. म्हणजे कर्ज मिळाले असते तरी माडीसाठी संस्थेकडे जावेच लागले असते! मुदत संपल्यावर आपण बांधलेले काढून नेण्याची मुभा आहे. दगडविटा नेऊन ठेवायच्या कुठे, ते कलम सांगत नाही.

घरात सध्या संस्थेला दूषणे दिली जातात. मला ते पटत नाही. पट्ट्यात मुदतवाढीची अट आहे की नाही, हे तीन पिढ्यांत कोणी पाहिले नाही. भुईभाडेसुद्धा आईने आठवण केली तरच भरले जाते. वाचकहो, आपण तरी आपल्या घराचे कागद वाचले आहेत काय?

पूर्ण मालकीच्या घरात सुखच असते असेही नाही. माझ्या एका मित्राच्या उताऱ्यावर अकरा नावे आहेत, आणि गळके छप्पर कोणी दुरुस्त करायचे यावर सहा वर्षे वाद चालू आहे. तरी त्यांच्या हक्काला मुदत नाही, हा फरक फार मोठा.

बाबा म्हणतात, "इतकी वर्षे राहिलो, आता कोण काढतो?" पट्टेदार म्हणून राहणाऱ्याला नुसती वर्षे मोजून मालक होता येत नाही, हे त्यांना कसे सांगावे? माझ्या मते माडी राहू द्यावी आणि मुदतवाढीची बोलणी आताच सुरू करावी. नवा पट्टा रीतसर नोंदवून घ्यावा. अर्ज मी मराठीत व कन्नडमध्ये लिहून ठेवला आहे. बाबांची सही तेवढी व्हायची आहे.